घरचं माणूस शेवटच्या पंगतीला

सेंग वांग जिना चढून वर आला तो बुटांचा बर्फ न झटकताच, त्यावरूनच ब्लियानं ओळखलं की बातमी धड नाही. एरवी हा पोरगा मुख्याध्यापक झाला तरी दारात बूट काढून, ते जोडीनं भिंतीला लावून मगच घरात पाऊल टाकायचा.

"पॉ," तो म्हणाला. पॉ म्हणजे बापाची आई. ब्लिया काही त्याच्या बापाची आई नव्हती. त्याचं कूळ वांग, हिचं सासर लॉर. पण अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराच्या पूर्व भागातली निम्मी मोंग पोरं तिला आपणहून पॉ म्हणायची, आणि उरलेल्या निम्म्यांना तिनं म्हणायला लावलं होतं.

"आधी बस. गरम पाणी घे. मग रड."

"रडत नाहीये मी."

"नाक रडतंय तुझं. पूस ते."

सेंगनं नाक पुसलं, पाणी घेतलं आणि सांगितलं. डोंगरफूल शाळेत पुढच्या सहावीसाठी फक्त अकरा पोरांनी नावं दिली होती. जागा चोवीस. मार्चच्या मध्यापर्यंत पट भरला नाही तर शाळेची समिती उन्हाळ्यात दाराला कुलूप घालणार होती. ही शाळा म्हणजे काही गल्लीची सरकारी शाळा नव्हे, की हद्दीतली पोरं आपसूक यावीत. चार्टर शाळा ती. पैसा सरकारचा, कारभार आपला, आणि पोरांनी यायचं ते आपखुशीनं. पोरं आली तर शाळा, नाही आली तर रिकामी इमारत. लाओसच्या डोंगरांतून आलेल्या मोंग लोकांनीच वीस वर्षांमागं एका बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात ती काढली होती, आपली भाषा पोरांच्या जिभेवर राहावी म्हणून. तेव्हा नावं घ्यायला रांग लागायची. आता लोकांच्या हातात पैसा आला होता, आणि पैसा आला की माणूस उत्तरेकडं, तळ्यांच्या पलीकडं, मोठ्या अंगणाच्या घरात जातो. पोरंही त्याच्याबरोबर जातात.

हे ब्लियाला कुणी सांगायला नको होतं. तिचा स्वतःचा लेक, तूलू, दोन वर्षांमागं तिकडंच गेला होता.

आणि त्याच्याबरोबर पाह्ली गेली होती.

पाह्ली ब्लियाची नात. जन्मल्यापासून नऊ वर्षं ती पॉच्या अंथरुणात झोपली. पाय पोटाशी घेऊन, थंड तळवे पॉच्या पोटरीला लावून. तिकडं गेल्यावर पहिले सहा महिने ती फोनवर मोंगमध्ये बोलायची; मग दोन शब्द मोंग, दोन इंग्रजी; आणि आता रविवारी भेटली की हसून "हाय, पॉ" म्हणायची आणि गप्प बसायची. दुधाचे दात पडावेत तशी तिची भाषा एकेक शब्दानं पडत चालली होती, आणि ब्लियाला वाटायचं, दात पडले तर नवे येतात, हे कुठं येणार?

पाह्ली यंदा पाचवीत होती. सहावीला तिला कुठल्या ना कुठल्या नव्या शाळेत जायचंच होतं. तूलूचं काम डोंगरफुलापासून चार वळणांवर, यंत्रांचे सुटे भाग करायच्या कारखान्यात. म्हणजे सकाळी त्यानं पोरीला शाळेत सोडायचं, आणि संध्याकाळी तो कामावरून सुटेपर्यंत पोर पॉच्या घरी. हात धुवायची, चिकट भाताचा गोळा तिखटात बुडवून खायची, आणि जे काय दिवसभराचं असेल ते पॉला सांगायची. पॉला इंग्रजी येत नाही, म्हणजे मोंगमध्येच सांगायला लागणार. ब्लियानं हे सगळं मनात इतक्यांदा मांडलं होतं की पोरीची वाटीसुद्धा ठरली होती.

ती स्वतः शाळेत आठवड्यातून तीनदा फुलकापड शिकवायला जायची, म्हणजे आपलं मोंग भरतकाम. पगार नव्हता, मान होता. पण शाळा टिकावी असं तिला वाटत होतं ते त्या मानासाठी नाही. शाळा राहिली तर पाह्ली येईल. शाळाच गेली तर पोर कुठून येणार?

"पाह्लीचं नाव लिहू ना?" सेंगनं विचारलं. "म्हणजे बारा होतील."

तूलू अजून हो म्हणाला नव्हता. त्याला विचारायचीच ब्लियाला भीती वाटत होती. विचारलं नाही तोवर नकार नाही. पण हे सेंगसमोर कोण कबूल करणार? तिनं बाहीला सुई खोचली आणि मान वर केली.

"आपल्यात पाहुणे आधी जेवतात की घरचे?"

"पाहुणे."

"मग? आधी पाहुण्यांची पंगत भर. घरचं माणूस शेवटच्या पंगतीला बसतं. तांदूळ मी धुतलेत, माझी पोर उपाशी राहत नाही."

सेंग काही म्हणणार होता, पण पॉसमोर काही म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ब्लिया दारोदार फिरायला लागली. डोक्याला लोकरीचं फडकं, पायात तूलूचे जुने बूट, हातात पिशवी आणि पिशवीत उकडलेली कोंबडी. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊन पोर मागायचं नसतं. लॉर कुळातली घरं झाली, मुआ कुळातली म्हणजे तिच्या माहेरची झाली. सगळ्यांनी कोंबडी घेतली. पोर कुणी देईना. कुणाला मोठं मैदान हवं होतं, कुणाला वाजंत्री शिकवणारी शाळा हवी होती. एकीनं तर सांगितलं, "आमचा मुलगा घरात बोलतोच की मोंग." मुलगा शेजारीच बसला होता. ब्लियानं त्याला विचारलं, "बाळ, जेवलास?" त्यानं आईकडं बघितलं आणि विचारलं, ही काय म्हणते?

"बोलतो हो," ब्लिया म्हणाली. "तोंड मिटून बोलतो."

धाकटी जाऊ चिया हिच्या घरी मात्र तिचीच फजिती झाली. चियानं कोंबडीची तंगडी हातात घेऊन, चांगली चावून, मग विचारलं, "जाऊबाई, तुमची नात कुठल्या शाळेत जाणार म्हणे?"

"बघू. अजून ठरतंय."

"स्वतःच्या घरचं भांडं पालथं, आणि लोकांच्या पोरांना पंगतीला बोलावताय?"

"तुझा नातू पाठव. माझी येईलच."

"तुमची आली की माझा पाठवते."

"अगं, घरचं माणूस शेवटी—"

"हो हो, ऐकलंय. शेवटी म्हणजे किती शेवटी? आम्ही मेल्यावर?"

ब्लिया उठली. दारात बूट घालताना तिची मान ताठ होती. जिना उतरताना मात्र तिला उगाचच आठवलं, पाह्ली लहानपणी हिचे बूट लपवून ठेवायची, पॉनं बाहेर जाऊ नये म्हणून.

पंधरा दिवस फिरून चार पोरं मिळाली. पाचवा चियाचा नातू, तिनं तो शेवटी दिला टोमण्यासकट: "माझा आला. आता बघते तुमची कधी येते ते."

सेंग म्हणाला, "पॉ, फक्त आपल्याच दारात जाऊन भागायचं नाही. शाळा सगळ्यांची आहे. कायद्यानंही तसंच आहे."

"शाळा आपण काढली."

"आपण काढली. भरणार कोण?"

ब्लिया त्याच्यावर दोन दिवस रुसली. मग तिसऱ्या दिवशी पिशवीत कोंबडी घालून जिना उतरली, आणि रस्त्यावर न जाता खालच्याच दारावर थाप मारली.

खाली नॉ लेर राहायची, ब्रह्मदेशातली करेन बाई, नवरा आणि एक मुलगी. दोघींचा वर्षभर अबोला होता. मागल्या सज्जात ब्लियानं मोहरीची पानं वाळत घातली होती, त्यावर नॉ लेरची माशाच्या चटणीची बरणी कलंडली. चटणी सगळीच्या सगळी पानांत. ब्लिया म्हणाली पानं नासली, नॉ लेर म्हणाली चटणी गेली. तेव्हापासून जिन्यात भेटल्या तर दोघी भिंतीकडं बघायच्या. आता दोघींना बोलायला भाषा एकच होती, थाई. तीही छावणीतली मोडकीतोडकी. ब्लिया युद्धानंतर लाओसमधून नदी पोहून थायलंडच्या छावणीत आली होती. नॉ लेर दुसऱ्या युद्धातून, दुसऱ्या छावणीत, कितीतरी वर्षांनी. ज्या भाषेत शिपायांनी दोघींना रांगेत उभं केलं, त्याच भाषेत आता त्या भांडायच्या.

दार उघडलं. नॉ लेरनं कोंबडीकडं बघितलं, मग ब्लियाकडं.

"पानांचे पैसे मागायला आलीस?"

"पोर मागायला आले."

"काय?"

"तुझी पोर. मूदा. आमच्या शाळेत घाल."

नॉ लेर हसायला लागली. "माझी पोर मोंग आहे का?"

"नाही. आणि माझी पानं मासे होती का? झालीच ना?"

मग ब्लिया आत आली, बसली, आणि दोघींनी ती कोंबडी भातावर ओढून माशाच्या चटणीबरोबर खाल्ली. चटणी चांगली होती. ब्लियानं तसं बोलून दाखवलं नाही. फक्त दुसऱ्यांदा घेतली.

"तिथं कुणी पोरीला चिडवणार नाही ना?" नॉ लेरनं विचारलं. "आधीच्या शाळेत हिचा डबा उघडला की नाकं धरायची."

"माझ्या वर्गात कुणी नाक धरलं तर ते नाक मी शिवून टाकते. सुई असते माझ्याकडं."

नॉ लेरच्या ओळखीनं करेन लोकांच्या चर्चमधली पाच पोरं आली. चहाचं दुकान चालवणाऱ्या सोमाली होदननं आपला भाचा धाडला आणि शेजारणीची जुळी धाडली. मेक्सिकोची एक बाई बेकरीत पाव घेताना भेटली. तिला ब्लियाची भाषा कळेना, हिला तिची, तरी तिचा मुलगाही आला. सेंग रोज फोन करून आकडा सांगायचा, आणि आवाज दिवसागणिक हलका व्हायचा. समितीतल्या कुणीतरी म्हटलं म्हणे, ही तर आता सगळ्या जगाची शाळा झाली. ब्लिया म्हणाली, "होऊ दे. भात एकच आहे, चटण्या वेगळ्या."

आणि या सगळ्या धावपळीत पाह्लीची वाटी रिकामीच होती.

नावं द्यायचा शेवटचा दिवस सोमवारी. रविवारी ब्लिया तूलूच्या घरी गेली. मोठं घर, मऊ गालिचा, आणि स्वयंपाकघर इतकं चकचकीत की तिथं कधी काही तळलेलं दिसत नव्हतं. सून युआनं चहा दिला. पाह्ली जिन्याच्या पायरीवर, गुडघ्यात हनुवटी घालून बसली होती.

"आई, इथल्या शाळेत पोहायचा तलाव आहे," तूलू म्हणाला. "तुझ्या शाळेत धड खिडक्या नाहीत."

"तुझ्या बापानं तुला पाठीवर बांधून नदी ओलांडली. तलावात शिकला होता का तो?"

"आता कुणी नदी ओलांडायची नाहीये, आई."

"तेच म्हणते. मग पोहायला कशाला शिकायचं?"

युआ हसू दाबत म्हणाली, "आई, रोज एवढ्या लांब... पोरगी दमेल हो."

"माझ्या घरी झोपेल. जागा आहे. माझ्या शेजारची जागा अजून तशीच आहे."

हे बोलताना तिचा आवाज थोडा फाटला. ब्लियाला स्वतःचाच राग आला. मागायला आलेल्या माणसानं असं उघडं पडू नये.

तेवढ्यात पायरीवरून पाह्ली इंग्रजीत काहीतरी म्हणाली. हळूच.

"काय म्हणते ती?" ब्लियानं विचारलं.

तूलू म्हणाला, "विचारते, तिथं मला रोज सांगावं लागणार नाही ना, मी कोण आहे ते?"

"म्हणजे?"

पाह्ली इंग्रजीत आणखी काही सांगत गेली, आणि तूलू ते मोंगमध्ये सांगत गेला, "इथं तिच्या वर्गात ती एकटीच आहे. पोरं विचारतात, तू चिनी का? नाही म्हटलं की, मग जपानी? मोंग म्हटलं की विचारतात, ते काय असतं."

तूलूला हे आजवर माहीत नव्हतं. त्याच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं. तो गालिच्याकडं बघत म्हणाला, "उद्या लिही नाव, आई."

ब्लिया त्या रात्री मुळी झोपलीच नाही. सोमवारी ती सेंगच्या पुढ्यात उभी राहिली तेव्हा चेहरा असा, जणू राज्य जिंकून आली.

"लिही. पाह्ली लॉर."

सेंगनं लिहिलं, पण तो हसला नाही.

"पॉ, सत्तावीस झाली."

"मग? चांगलं की."

"जागा चोवीस आहेत."

"एक बाक वाढव."

"वाढवता येत नाही. आग लागली तर खोलीतून किती जण बाहेर पडतील, त्यावर आकडा ठरलेला असतो. जास्त नावं आली की सोडत. सगळ्यांची नावं टोपलीत, चोवीस काढायची. कुणाचाही वशिला नाही. तुमचासुद्धा."

ब्लियानं विचारलं, "मी त्या दिवशी सांगितलं असतं तर? पहिल्या दिवशी?"

"तरी सोडतच झाली असती. नाव आधी दिलं काय, नंतर दिलं काय..." सेंग थांबला. मग खरं तेच बोलला. "पण तुम्ही एवढी पोरं आणली नसती तर सोडत लागली नसती, पॉ."

आपल्या हातानं भरलेल्या पंगतीत आपल्याच पोरीला पाट नव्हता, आणि पाहुणे तर तिनंच हाताला धरून आणले होते.

सोडत शाळेच्या मोठ्या खोलीत झाली. पाठीवर घ्यायची एक जुनी बांबूची टोपली मधे ठेवली होती. पोरांची नावं दोऱ्याच्या रिकाम्या रिळांवर चिकटवली होती; रिळं ब्लियाच्याच फुलकापडाच्या डब्यातली. नावं काढायचा मान समितीनं तिला दिला, कारण पट तिच्यामुळं भरला होता. भिंतीशी पोरं, पोरांमागं आया, कुणाच्या डोक्यावर रुमाल, कुणाच्या कडेवर लहानगं. पाह्ली बापाच्या शेजारी उभी होती. येताना तिनं पॉचा हात धरला होता, तो आत आल्यावरही बराच वेळ सोडला नव्हता.

"एकदा नाव निघालं की निघालं ना?" ब्लियानं सेंगला हळू विचारलं. "पुन्हा टाकायचं नाही?"

"नाही."

"हे कसलं? आपण अंग सोडून भरकटलेल्या जिवाला घरी हाक मारतो तेव्हा म्हशीच्या शिंगाच्या फाका टाकतो. कौल पडला नाही तर समजूत घालून पुन्हा टाकतो. जीव हो म्हणेपर्यंत."

"सरकारला शिंगं चालत नाहीत, पॉ."

तिनं बाही वर केली आणि हात घातला. पहिलं नाव होदनच्या भाच्याचं. सेंगनं वाचलं, टाळ्या वाजल्या. दुसरं चियाच्या नातवाचं. चिया मोठ्यानं हसली. तिसरं, चौथं. पुढच्या वेळी हात घातला आणि ब्लियाची बोटं थबकली.

बाकीची रिळं प्लास्टिकची होती. एक लाकडाचं होतं. शेवटच्या दिवशी प्लास्टिकची संपली, म्हणून पाह्लीच्या नावाला तिनं आपलं जुनं लाकडी रीळ दिलं होतं. कडा झिजलेलं, छावणीपासून बरोबर असलेलं. तेव्हा ते मनातही आलं नव्हतं. आता ते तिच्या तळव्यात आलं होतं, गुळगुळीत, ऊबदार, पोरीच्या टाचेसारखं.

नुसतं वर काढायचं. कुणाला कळणार नव्हतं. तिला वाचता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

समोर पाह्ली उभी होती. शेजारी नॉ लेर, मूदाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून, डोळे मिटून. ब्लियानं मूठ मिटली. उघडली. रीळ टोपलीत पडल्याचा आवाज तिला एकटीलाच आला असेल. दुसरं एक घ्यायला तिनं बोटं हलवली, आणि तिच्या लक्षात आलं की आता बोटं त्याला चुकवायला लागली आहेत. हेही तितकंच खोटं.

तिनं हात बाहेर काढला. रिकामा.

"सेंग, तू काढ."

"का, पॉ? काय झालं?"

"माझ्या हाताला डोळे फुटलेत."

त्याला कळलं की नाही कोण जाणे. पण तो पुढं आला, तोंड भिंतीकडं करून उभा राहिला आणि पाठमोऱ्या हातानं रिळं काढायला लागला. प्रत्येक वेळी ब्लिया आवाज ऐकायची. प्लास्टिक. प्लास्टिक. वीस झाली, एकवीस झाली. बेकरीवाल्या बाईचा मुलगा. जुळ्यांतली दुसरी. चोविसावं रीळ काढून सेंग वळला आणि वाचलं, "नॉ मूदा."

नॉ लेरनं तोंडावर हात घेतला. मूदानं उडी मारली. सगळी खोली टाळ्या वाजवत होती, ब्लियाही वाजवत होती.

उरलेल्या तिघांतलं पहिलं निघालं ते लाकडी. "पाह्ली लॉर. प्रतीक्षा यादीत पहिली," सेंग म्हणाला, आणि मग तिच्याजवळ येऊन हळूच, "उन्हाळ्यात कुणी ना कुणी गाव सोडतंच, पॉ. एखादं गळेल."

"माझ्या पंगतीतलं कुणी उठावं अशी वाट बघू?"

चिया काहीतरी बोलायला तोंड उघडत होती. ब्लियाचा चेहरा बघून तिनं ते मिटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

खोली रिकामी होत असताना पाह्ली टोपलीपाशी गेली. सेंगनं बाजूला ठेवलेलं लाकडी रीळ तिनं उचललं, त्यावरचं आपलं नाव अंगठ्यानं चोळून बघितलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. पॉ बघते आहे हे तिला कळलं. ती काही म्हणाली नाही. कदाचित तिला शब्द आठवला नसेल.

एप्रिल गेला, मे गेला. कुणी गळलं नाही. तूलूनं तिकडच्या शाळेत नाव घातलं, "पहिली जागा सुटली तर बघू, आई." ब्लिया रोज सकाळी खालच्या जिन्यातली पावलं ऐकायची आणि आपण का ऐकतो हे स्वतःला विचारायची नाही.

ऑगस्टमध्ये नॉ लेर वर आली. हातात माशाच्या चटणीची बरणी. बसली, उठली, पुन्हा बसली.

"नवऱ्याला पलीकडच्या डकोटा राज्यात काम मिळतंय," ती छावणीच्या थाईत म्हणाली. "टर्की कोंबड्यांच्या कारखान्यात. घरही देतात. आमची बरीच माणसं तिकडं गेलीत. तू मोठी आहेस, सांग. जाऊ का?"

ब्लियाच्या हातात सुई होती. ती तिनं कापडात खोचली, काढली, पुन्हा त्याच भोकात खोचली. एक शब्द पुरत होता. जा. त्यात पापही नव्हतं. काम होतं, घर होतं, यांचीच माणसं होती. मूदा गेली की पाट रिकामा. आणि त्या पाटावर, हात धुऊन, थंड पायांची पोर.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सज्जात पानं वाळत घालत होती. खाली पायरीवर मूदा बसली होती. ब्लियानं उन्हाळाभर हिला आणि होदनच्या भाच्याला फुलकापड शिकवलं होतं. आता ती एकटीच गोगलगायीची नक्षी घालत होती, मधून सुरू होऊन गोल गोल बाहेर जाणारी. टाका चुकला की स्वतःशी काहीतरी पुटपुटायची. ब्लियानं कान दिला. पोरगी पुटपुटत होती ते मोंगमध्ये होतं. ब्लिया वर्गात टाका चुकल्यावर जी शिवी द्यायची, तीच. अगदी तिच्याच हेलात.

ब्लिया हसली, आणि हसता हसता तिला कसंसंच झालं. ही शिवी पाह्लीच्या तोंडून ऐकायची होती.

ती खाली गेली. नॉ लेर तांदूळ निवडत होती.

"नवऱ्याला जाऊ दे," ब्लिया दारातूनच म्हणाली. "तू पोरीला घेऊन इथं राहा. पोर सारखी उपटून लावली की मूळ धरत नाही. माझ्या घरातली बघितली ना."

नॉ लेरचा तांदळातला हात थांबला. तिलाही ठाऊक होतं प्रतीक्षा यादीत पहिलं कोण ते. सगळ्या गल्लीलाच ठाऊक होतं.

"आणि तिकडं वारा फार," ब्लिया घाईनं म्हणाली. "तुझी चटणी कोण खाणार तिथं? माझ्यासारखी शेजारीण मिळायला नशीब लागतं." आणि उत्तराची वाट न बघता जिना चढून गेली, एकेक पायरी, कठड्याला धरून.

शाळा उघडायच्या दिवशी ब्लिया लवकर उठली. नव्या पोरांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधायचा, जीव अंगाला धरून राहावा म्हणून, ही डोंगरफुलाची पहिल्या दिवसाची रीत. चोवीस दोरे तिनं आदल्या दिवशीच कापून ठेवले होते. कापताना पंचविसावाही कापला गेला होता. तो तिनं वेगळा ठेवला.

मग तिनं घराचं दार सताड उघडलं. उंबऱ्याशी पाट मांडला, वाटीत तांदूळ, तांदळावर अंडं उभं केलं, उदबत्ती लावली. पाह्लीचा एक जुना सदरा मागं राहिला होता, कोपर फाटलेला. तो घडी घालून शेजारी ठेवला. तळ्यांच्या पलीकडं आत्ता पोर नव्या शाळेच्या गाडीत बसत असेल. तिथं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, मी कोण.

ब्लियानं बाहेर तोंड करून हाक मारली. मोठ्यानं, जुन्या सुरात, पलीकडच्या गल्लीतला कुत्रा भुंकायला लागला इतक्या मोठ्यानं. ये बाई पाह्ली. तळ्यावर असशील तर ये, रस्त्यावर असशील तर ये. त्या मोठ्या घरात वाट चुकली असशील तर जिन्याच्या पायरीवरून उठून ये. भात शिजलाय. अंडं ठेवलंय. तुझी जागा कुणाला दिली नाही. ये.

तिनं शिंगाच्या फाका टाकल्या. हव्या तशा पडल्या नाहीत. तिनं त्या उचलल्या, पोरीची समजूत घालावी तशा हळू शब्दांत पुन्हा बोलावलं, आणि पुन्हा टाकल्या. नाही.

खालून मूदा जिना चढून आली, नवा सदरा, पाठीला दप्तर. ती दाराबाहेरच थांबली. हाक चालू असताना वाटेत उभं राहायचं नाही हे तिला कुणीतरी शिकवलं होतं. ती भिंतीला चिकटून बाजूला झाली.

"पॉ," ती मोंगमध्ये म्हणाली, "उशीर होतोय. सगळे वाट बघतील."

"थांब गं," ब्लिया म्हणाली आणि फाका पुन्हा उचलल्या. "एक जण यायचं राहिलंय."